गोडं पाणी, खारं पाणी आणि चिल्क्याचं शेवाळ

शेवाळ म्हटलं की आपल्याला विहिरीच्या पायरीवरचा निसरडा हिरवा थर आठवतो. ओडिशातल्या चिल्का सरोवरातलं बहुतेक शेवाळ नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पण तिथली कोळंबी, मासे आणि हिवाळ्यात उतरणारे लाखो पक्षी यांच्या अन्नाची सुरुवात बरीचशी त्याच्यापासूनच होते.

चिल्का पावसाळ्यात फुगून साडेअकराशे चौरस किलोमीटरच्या पुढे जातं आणि उन्हाळ्यात सुमारे नऊशेवर येतं. पाणी मात्र बऱ्याच भागात जेमतेम पुरुषभर. उत्तरेकडून दया, भार्गवी हे महानदीचे फाटे गोडं पाणी आणतात, समुद्राच्या मुखातून भरतीचं खारं पाणी आत शिरतं. दोन्ही मिसळून झालेल्या या मचूळ पाण्यात कोणतं शेवाळ तग धरेल, हे त्या त्या महिन्यातल्या मिठावर ठरतं.

पावसाळ्यात नद्यांसोबत नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका असं भरपूर खाद्य येतं. तरी शेवाळाला लगेच उधाण येत नाही, कारण पाणी इतकं गढूळ असतं की ऊन खाली पोचत नाही. उत्तर भागातलं पाणी तेव्हा जवळजवळ गोडं होतं आणि तिथे हिरवं व नीलहरित शेवाळ वाढतं. शेतकरी भातखाचरात नत्रासाठी सोडतात, त्याच कुळातलं हे नीलहरित शेवाळ.

पाऊस ओसरला की गाळ बसतो, ऊन आत शिरतं आणि साठलेलं खाद्य डायटम्सच्या कामी येतं. डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारी एकच पेशी. डबी सिलिकाची, तिला तळ आणि वर घट्ट बसणारं झाकण. पेशी दुभंगली की एकीला झाकण मिळतं, दुसरीला तळ. दोघीही मिळालेला भाग झाकण म्हणून वापरतात आणि आत नवा तळ घडवतात. त्यामुळे तळ मिळालेलीची डबी थोडी लहान होते. असं पिढ्यान् पिढ्या चालतं. फारच लहान झालेल्या पेशी मग लैंगिक प्रजननातून पुन्हा मूळ आकाराची पेशी घडवतात. इतकी नेटकी कारागिरी निसर्गात मी क्वचितच पाहिली आहे.

उन्हाळ्यात बाष्पीभवन वाढतं, नद्या आटतात आणि समुद्राचा जोर चढतो. मग समुद्रातले डायटम आणि शेपटीसारख्या धाग्यांनी पोहणारे डायनोफ्लॅजेलेट वाढतात. उथळ पाण्यात वारा तळ ढवळतो आणि गाळातलं खाद्य पुन्हा वर येतं. डोळ्यांना दिसणारं ग्रॅसिलारिया हे लाल शेवाळही चिल्क्यात आहे. मिठाया घट्ट करायला वापरतात ते अगर-अगर याच जातीच्या शेवाळापासून काढतात.

गेल्या शतकाच्या अखेरीस वाळूने मुख अरुंद होत गेलं, खारेपणा घटला, गोड्या पाण्यातलं तण पसरलं, मासळी कमी झाली. 1993 साली चिल्क्याचं नाव धोक्यातल्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. सप्टेंबर 2000 मध्ये नवं मुख उघडल्यावर खारेपणा परतला, मासळीही वाढली आणि 2002 मध्ये ते नाव यादीतून निघालं.

किनाऱ्याने वाळू मात्र अजूनही सरकते आहे. म्हणून पाण्याचा खारेपणा मोजताना त्याच बाटलीतले डायटमही मोजले पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं. मीटर त्या क्षणाचं मीठ सांगतो. थेंबातल्या काचेच्या डब्या मागचे कित्येक दिवस पाणी कसं होतं ते सांगतात.