‘केलोय, खरं वही शाळंत राहिली’

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आमच्या शेजारी तिसरीतला एक मुलगा आहे. संध्याकाळी भाकरी थापता थापता त्याची आई विचारते, ‘अभ्यास केलास?’ उत्तर ठरलेलं. ‘केलोय, खरं वही शाळंत राहिली.’ आमच्या सीमाभागातल्या बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’. वही दप्तरातच असते आणि ते दोघांनाही ठाऊक असतं. मग ‘खोटं बोलतोस?’, मग पाठीत धपाटा, रडारड आणि दुसऱ्या दिवशी नवं खोटं.

‘पोरगं वाया गेलं’ असं ती म्हणते तेव्हा मला फार वाईट वाटतं. खोटं बोलता येणं ही मुळात मेंदूच्या वाढीची खूण आहे. १९८३ साली विमर आणि पर्नर या संशोधकांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सीने कपाटात चॉकलेट ठेवलं आणि तो बाहेर गेला. आईने ते दुसऱ्या कपाटात हलवलं. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं नवं कपाट दाखवतात. मला माहीत आहे ते मॅक्सीला माहीत नाही, हे त्यांना उमगत नाही. चार-पाच वर्षांच्या पुढे ते उमगू लागतं, आणि ज्याला ते उमगलं त्याला लपवणंही जमतं. घरी कुंद्याच्या मिठाईचा डबा हलवून हा खेळ करून बघा.

जमतं ते सवयीचं का होतं? त्या स्वयंपाकघरातच बघा ना. ‘केलोय’ म्हटलं की निदान त्या क्षणापुरती कटकट थांबते. दहातल्या दोन-तीन वेळा आई कामात असते, खोटं खपून जातं. नेहमी मिळणाऱ्या फळापेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या फळाची सवय मोडायला जास्त कठीण, हे वर्तनशास्त्रातलं जुनं निरीक्षण आहे.

मग मार वाढवावा? व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत छडी होती, दुसरीत नव्हती. ‘मागे ठेवलेलं खेळणं बघू नको’ असं सांगून मुलाला एकटं सोडलं. बहुतेकांनी वळून पाहिलंच. पण छडीच्या शाळेत ज्यांनी वळून पाहिलं, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी ‘नाही’ म्हटलं, आणि पुढच्या प्रश्नांतही ते खोटं जास्त सफाईने निभावलं. माराने मूल खोट्यात तयार होतं, एवढं मी ठामपणे म्हणेन.

म्हणून मी शेजारणीला एकच सांगितलं. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे तो प्रश्न विचारूच नका. ‘वही दप्तरात दिसली, गणितं राहिलीत. आत्ता करतोस की जेवून?’ असं म्हणा. खरं बोलला तर आधी तेवढ्यापुरती शाबासकी द्या. एखादी वस्तू मोडल्याचं कबूल केलं, तर शाबासकी वेगळी आणि भरपाई वेगळी, ती करून घ्यायचीच. आणि दारात कोणी आलं की ‘बाबा घरात नाहीत म्हण’ असं आपणच खोटं शिकवणं बंद.

खोट्याबरोबर चोरी, मारामाऱ्या, मुक्या जनावरांना त्रास, शाळा बुडवणं असं महिनोन्‌महिने चालू असेल तर घरगुती उपायांवर थांबू नये. अतिचंचल मुलाच्या तोंडून विचाराआधीच शब्द निघून जातो, त्याला खोटारडा म्हणून हिणवणं अन्याय आहे. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आपल्याला जवळच आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथं जाण्यात किंवा फोन करण्यात लाज कसली?

शेजारणीचे पहिले आठ-दहा दिवस जड गेले, एकदा हातही उठला. मग एका संध्याकाळी तो स्वतःच वही घेऊन चुलीपाशी आला. ‘वही हाय, खरं मला वजाबाकी येईना.’ हातचा कसा घ्यायचा, हे त्याला दुसरीपासून कळलंच नव्हतं.