सरीत पाणी, तरी ऊस तहानलेला

परवा वाळवा तालुक्यातल्या एका रानात गेलो होतो. सरीत पाणी साचलेलं, वरंब्यावर पांढरा थर आणि उसाच्या पानांची टोकं करपलेली. मालक म्हणाले, "पाव्हणं, अजून एक पाणी दिलं की उठंल बघा." कृष्णाकाठच्या क्षारपड रानांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसलो.

आपल्या घरात कोशिंबिरीला मीठ पानं वाढायच्या वेळी लावतात. आधी लावलं तर काकडीला पाणी सुटतं. मीठ पाणी ओढतं, असं आपण म्हणतो, पण मीठ काही ओढत नाही. पाण्याचे रेणू पेशीच्या पटलातून सतत दोन्हीकडे ये-जा करत असतात. ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त, तिकडून पाणी निसटण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणून एकूण हिशेबात पाणी खारट बाजूला जमा होतं. हेच परासरण. इथे कण कशाचे यापेक्षा किती आहेत याला महत्त्व. साखरेचा रेणू विरघळला तरी एकच राहतो, मिठाचे मात्र दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात. हा हिशेब मांडणाऱ्या डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफना 1901 मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल मिळालं.

आता पेशीचं पटल. ते मेदाच्या दोन थरांचं, जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. ऑक्सिजन त्यातून सहज पार होतो, साध्या विसरणाने. पण तेलकट थरातून पाणी इतक्या झपाट्याने जातं कसं? अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर आग्रे रक्तगटाच्या प्रथिनावर काम करत होते, तेव्हा तांबड्या पेशींत त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं. 1992 मध्ये त्यांनी ते बेडकाच्या अंड्यांत तयार करवलं. बेडकाची अंडी गोड्या पाण्यात खुशाल राहतात. ही अंडी मात्र पाण्यात टाकताच फुगली आणि काही मिनिटांत फुटली. पाण्याचं दार सापडलं होतं! त्याला अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. नळी इतकी अरुंद की रेणू एकामागून एक, एका रांगेत जातात, तरी सेकंदाला सुमारे 300 कोटी. आणि हायड्रोजनचा आयन, म्हणजे नुसता प्रोटॉन, एरवी पाण्याच्या रेणूंच्या साखळीवरून टणाटण उड्या मारत जाणारा, त्याला इथे मज्जाव! नळीच्या मध्यावर विद्युतभार असे मांडलेत की रेणूला तिथे कूस बदलावी लागते आणि ती साखळी तुटते. मला तर हे वाचताना दर वेळी काटा येतो. 2003 चं नोबेल आग्रेंना याबद्दलच मिळालं.

उसाच्या मुळांतही ही दारं आहेत. पण दार पाण्याला ढकलत नाही, नुसती वाट देतं. मुळातला रस मातीतल्या पाण्यापेक्षा जास्त दाट असला किंवा वरून पानं पाणी उडवत असली, तरच पाणी आत येतं. मातीतले क्षार तिच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात; ती मीटरला 4 डेसिसीमेनच्या वर गेली की माती क्षारयुक्त धरतात. तेवढ्यातच मातीतल्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे क्षारांमुळे पाणी मातीतच अडून राहण्याचं माप, हवेच्या दाबाच्या जवळपास दीडपट होतो. दोन पाण्यांमध्ये माती सुकते, क्षार तेवढेच राहतात, दाब आणखी चढतो. पाणी मुळाशी असतं, पण मुळाला ते घेता येत नाही.

अशा वेळी कोणी बांधावर नारळ फोडतं, कोणी पाइपाला चुंबक बसवून क्षार घालवायचं यंत्र विकतं. क्षार पाण्यात विरघळलेले आहेत. त्यांना रानाबाहेर जायला वाट लागते, आणि नारळ किंवा चुंबक ती वाट काढून देत नाहीत. नुसतं पाणी वाढवलं तर भूजल वर येतं, त्याच्याबरोबर खालचे क्षारही. ऊन लागलं की पाणी उडतं, पांढरा थर मागे राहतो.

म्हणून आधी माती तपासून घ्या. चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, निघाली तर तो हटवायला जिप्समही लागेल. मग निचरा: उघडे चर, नाहीतर तीन-चार फूट खोल सच्छिद्र पाइप. त्यानंतर दिलेलं पाणी क्षार घेऊन खाली जातं. पाइपाच्या तोंडाशी पडणारं थेंबभर पाणी काळ्या दगडावर वाळू द्या. मागे पांढरा डाग राहिला, तर तेवढे क्षार रानातून गेले.