अँड्रॉइड की आयफोन? फोन बदलण्याआधी एकदा वाचा

सांगली-मिरजेतल्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "कुठला फोन चांगला?" त्याचे उत्तर आम्ही लगेच देत नाही. आधी आम्हीच विचारतो, आत्ताच्या फोनमध्ये काय काय आहे? एका अँड्रॉइडवरून दुसऱ्या अँड्रॉइडवर जाणे म्हणजे त्याच वाड्यात खोली बदलणे. अँड्रॉइडवरून आयफोनवर, किंवा आयफोनवरून अँड्रॉइडवर जायचे तर बिऱ्हाडच हलवायचे असते. सामान किती, फुटण्यासारखे काय आणि नव्या दारातून आत जाणारच नाही असे काय, हे टेम्पो बोलावण्याआधी बघावे लागते.

म्हणून हे पत्रक. आमच्याकडे दोन्ही प्रकारचे फोन मिळतात, त्यामुळे कुठल्याही एका बाजूला ओढायचे आम्हाला कारण नाही. तुम्ही घेतलेला फोन महिन्याभराने परत विकायला आणू नये, एवढीच इच्छा आहे.

का बदलायचाय?

"फोन फार हळू झालाय" हे कारण असेल तर थोडे थांबा. अशा दहा फोनांतले कितीतरी फोन आम्ही नुसती जागा मोकळी करून परत दिले आहेत. ग्रुपवर आलेले सुप्रभातचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि एकच पीडीएफ पाच वेळा, यांनीच मेमरी भरलेली असते. हे काम आम्ही मोफत करतो. त्यानंतरही फोन अडकत असेल तर मग बदलायचे बोलू.

"मुलगा पुण्यात आहे, त्याच्याकडे आयफोन आहे, बोलायला सोपे पडेल" असेही बरेच आई-वडील सांगतात. व्हॉट्सअॅपचा व्हिडिओ कॉल दोन्हीकडे सारखाच चालतो. फेसटाइमची, म्हणजे आयफोनवरच्या व्हिडिओ कॉलची, लिंक मुलाने पाठवली तर २०२१ पासून ती अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्येही उघडते. एवढ्यासाठी मोठा खर्च करू नका.

"फोन पुष्कळ वर्षे टिकावा" हे मात्र खरे कारण आहे. २०१९ मध्ये आलेल्या आयफोन ११ ला २०२५ ची आयओएस २६ (आयओएस म्हणजे आयफोन चालवणारी प्रणाली) मिळाली. अँड्रॉइडमध्ये पूर्वी दोन-तीन वर्षांत अपडेट थांबायचे. आता गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ पासून सात वर्षांचे वचन दिले आहे. पण हे वचन महागड्या मॉडेलांचे आहे. स्वस्तातला अँड्रॉइड घेताना बॉक्सवरचे कॅमेऱ्याचे आकडे नंतर बघा, आधी अपडेट किती वर्षे मिळणार ते विचारा. अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेची अॅप कधीतरी चालायची बंद होतात, आणि तो दिवस नेमका पैशाची गरज असतानाच उगवतो.

व्हॉट्सअॅप: इथे घाई नको

अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो, आयफोनवरचा आयक्लाउडमध्ये, म्हणजे आयफोन बनवणाऱ्या अॅपलकडच्या ऑनलाइन जागेत. गूगलमधला बॅकअप आयफोनवर उघडत नाही आणि आयक्लाउडमधला अँड्रॉइडवर उघडत नाही. "बॅकअप घेतलाय की" असे म्हणून निर्धास्त राहणारे ग्राहक इथेच फसतात.

चॅट थेट एका फोनमधून दुसऱ्यात न्यावे लागतात. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना 'मूव्ह टू आयओएस' नावाचे अॅप वापरतात. ही सोय २०२२ मध्ये आली. नंबर तोच हवा, दोन्ही फोन चार्जिंगला लावलेले हवेत, आणि हे काम नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच करायचे असते. घरी जाऊन उत्साहाने आयफोन चालू केला, फोटो काढले, आणि दोन दिवसांनी चॅट आणायला आमच्याकडे आलात, तर बहुतेक वेळा तो फोन पुसून, म्हणजे आतले सगळे काढून टाकून, पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आयफोनवरून अँड्रॉइडवर येतानाही हे पहिल्याच दिवशी, साधारणपणे दोन फोन केबलने जोडून करतात. चॅट, ग्रुप, फोटो, आवाजी मेसेज सगळे येते. कॉलची जुनी यादी येत नाही. चॅट जास्त असतील तर दोन-तीन तास लागतात, म्हणून सकाळी या.

आता एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय आमचा पुढचा नियम कळणार नाही. काही वर्षांपूर्वी एका ताईंचा फोन आम्ही बदलून दिला. नव्या फोनवर चॅट दिसले, आम्ही वरवर पाहिले, त्यांनीही पाहिले, आणि जुना फोन त्याच दिवशी पुसला. आठवड्याने त्या परत आल्या. त्यांच्या आईचे आवाजी मेसेज नव्या फोनवर आले नव्हते. आई वारल्या होत्या. ते मेसेज आम्हाला कुठूनच परत आणता आले नाहीत. चूक आमची होती.

तेव्हापासून आमच्याकडे जुना फोन आठ दिवस तुमच्याच ताब्यात राहतो. एक्स्चेंजमध्ये दिला असला तरीही. किंमत पहिल्या दिवशी ठरते आणि आठ दिवसांत बदलत नाही. त्या आठ दिवसांत घरी निवांत बसून नव्या फोनवर जुने चॅट वरपर्यंत सरकवून बघा, आवाजी मेसेज वाजवून बघा. ऑनलाइन एक्स्चेंज करणार असाल तर विशेष सांभाळा. नवा फोन घेऊन आलेला माणूस त्याच वेळी जुना मागतो, आणि दारात उभ्या माणसाला ताटकळत कशाला ठेवायचे म्हणून लोक धडाधड सगळे पुसून फोन हातात देतात. नुकसान बहुतेक त्याच पाच मिनिटांत होते. थोडे पैसे कमी आले तरी चालतील, एक्स्चेंज न घेता फोन मागवा.

फोटो आणि नंबर

हे त्या मानाने सोपे आहे. नंबर गूगल खात्यात असतील तर ते खाते आयफोनवर घातले की सगळे येतात. सिमवर किंवा नुसत्या फोनवर ठेवलेले असतील तर आधी खात्यात घ्यावे लागतात. फोटोंसाठी गूगल फोटोज दोन्हीकडे चालते. मोफत जागा गूगलकडे १५ जीबी, आयक्लाउडमध्ये ५ जीबी. आयफोनवर गेल्यावर ही ५ जीबी लवकर भरते आणि मग दरमहा पैसे भरायची पाळी येते, ते हिशेबात धरा. आयफोनमध्ये मेमरी कार्ड बसत नाही. जुन्या कार्डावर काही असेल तर ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

फोन बदला किंवा न बदला, फोटोंची एक प्रत फोनच्या बाहेर असू द्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी गावात आले, तेव्हा तांदळाच्या डब्यात घालून आणलेले फोन आम्ही टेबलावर रांगेने पाहिले आहेत. तांदळाचा काही उपयोग होत नाही. आताच्या फोनमधला मजकूर कुलूपबंद असतो, त्यामुळे आतला बोर्ड मेला की मेमरी काढूनही काही वाचता येत नाही. ज्यांचे फोटो खात्यात होते, त्यांचे तेवढे वाचले. फोन पाण्यात चालतो असे लिहिलेले असले तरी पाणी शिरल्याचे नुकसान साधारणपणे वॉरंटीत बसत नाही.

पैसे आणि सिम

यूपीआय नव्या फोनवर आपोआप येत नाही. बँकेत दिलेला नंबर नव्या फोनमध्ये हवा आणि त्या सिमवरून एसएमएस जाता आला पाहिजे. रिचार्जमध्ये एसएमएस नसतील तर गाडी इथेच अडते. सुरू झाल्यावरही पहिले काही तास किंवा दिवस रकमेवर मर्यादा असते.

आपल्याकडच्या अनेक अँड्रॉइडमध्ये दोन सिमची जागा असते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये एकच सिम बसते, दुसरा नंबर ई-सिम (कार्ड न घालता फोनच्या आतच चालणारे सिम) करावा लागतो. सिम बदलले की सुरक्षेसाठी त्या नंबरवरचे एसएमएस पहिले २४ तास बंद ठेवतात. म्हणजे ओटीपी येणार नाही. म्हणून बँकेचा नंबर साध्या सिमवरच राहू द्या, दुसरा ई-सिम करा. आणि द्राक्षाच्या ऐन हंगामात, रोज मजुरांचे पैसे द्यायचे असताना हा उद्योग काढू नका. फोन जूनमध्येही मिळतो.

धंदा आणि शेती

खरी अडचण बहुतेकांना इथे येते, आणि जाहिरातीत याबद्दल एक शब्दही नसतो.

दुकानात बिल काढायचे छोटे ब्लूटूथ प्रिंटर बघा. त्यातले स्वस्तातले बरेचसे आयफोनशी जोडले जात नाहीत, कारण अॅपलची मान्यता नसलेल्या अशा जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ यंत्रांना आयफोन दाद देत नाही. आधारवर पैसे काढून देण्याचे अंगठ्याचे मशीन वापरत असाल तर तेही बहुतेक अँड्रॉइडसाठीच असते. अशा ग्राहकांना आम्ही सरळ सांगतो, धंद्याचा फोन अँड्रॉइडच ठेवा. तासगाव-पलूसकडच्या काही बेदाणा व्यापाऱ्यांनी तसेच केले आहे: घरी आयफोन, गोदामात साधा अँड्रॉइड.

कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली एपीके फाइल (अँड्रॉइडचे अॅप थेट घालायची फाइल) घालून चालवलेले अॅप आयफोनवर चालणार नाही. (अँड्रॉइडवरही अशा फाइली घालू नका. लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून आलेल्या फाइलीतून लोकांची खाती रिकामी झाली आहेत.) ई-पीक पाहणी, तुमच्या पतसंस्थेचे किंवा सहकारी बँकेचे अॅप, द्राक्षाच्या सल्ल्याचे अॅप, जे जे तुम्ही उघडता ते आयफोनच्या अॅप स्टोअरमध्ये आहे का, हे फोन घेण्याआधी शोधायचे. आम्ही दुकानातल्या आयफोनवर तुमच्यासमोर शोधून दाखवतो. मोठ्या बँकांची अॅप दोन्हीकडे आहेत, छोट्या संस्थांचे सांगता येत नाही.

विहिरीवरच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर मात्र चिंतेचा विषय नाही. मिस्ड कॉलवर किंवा एसएमएसवर चालणारा स्टार्टर नंबर ओळखतो, फोन ओळखत नाही. फक्त दोन नंबर असतील तर कॉल नोंदवलेल्याच नंबरावरून जाईल असे बघा, नाहीतर रात्री वीज आल्यावर मोटार का सुरू होत नाही म्हणून शिवारात जावे लागेल.

सौद्याचे बोलणे रेकॉर्ड करायची सवय असेल तर हे लक्षात घ्या. आयफोनवर ही सोय २०२४ च्या अखेरीस आली आणि रेकॉर्डिंग सुरू होताच समोरच्यालाही सूचना ऐकू जाते. अनेक अँड्रॉइडवरही आता तसेच आहे. वेगळे अॅप घालून गुपचूप रेकॉर्ड करण्याचा रस्ता गूगलने २०२२ मध्ये बराचसा बंद केला.

बाकीचे सामान

अॅपलचे घड्याळ फक्त आयफोनबरोबर चालते. सॅमसंगची २०२१ पासूनची घड्याळे आयफोनबरोबर चालत नाहीत. कानातली ब्लूटूथ यंत्रे दोन्हीकडे वाजतात. आयफोन १५ पासून टाइप-सी केबल आहे, त्याआधीच्यांना वेगळी लागते. पैसे देऊन घेतलेली अॅप दुसऱ्या बाजूला पुन्हा विकत घ्यावी लागतात. मिरजेत गाणे शिकणारी काही मुले आमच्याकडे येतात, त्यांना तानपुऱ्याचे आणि तबल्याचे अॅप रोज लागते. काही चांगली अॅप फक्त आयफोनवर आहेत, तर कुणाचे अँड्रॉइडवर पैसे भरून झालेले असतात. अशा वेळी त्या एका अॅपवर निर्णय घेतला तरी त्यात काही चूक नाही. रियाझ रोजचा आहे.

मराठी टाइप करणे दोन्हीकडे होते, पण बोटांची सवय मोडते. विशेषतः वडीलधाऱ्यांची. आजोबांसाठी घेणार असाल तर त्यांनाच घेऊन या, पंधरा मिनिटे खुर्चीत बसून चार ओळी लिहू द्या. नातवंडांनी परस्पर ठरवलेला फोन पुष्कळदा कपाटात जातो.

आयफोन सोडून अँड्रॉइडवर येताना

सिम काढण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आयमेसेज (आयफोनची आपसातली मेसेजची सोय) आणि फेसटाइम बंद करा. नाहीतर आयफोनवाल्यांनी पाठवलेले मेसेज जुन्याच फोनकडे जात राहतात. विकण्याआधी 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून अॅपलच्या खात्यातून बाहेर पडा, तसे न केल्यास घेणाऱ्याला तो फोन सुरूच करता येत नाही.

जुना आयफोन घेताय?

नव्याचे बजेट नसले की लोक वापरलेला आयफोन शोधतात. घ्या, पण चार गोष्टी बघून. आधीच्या मालकाचे खाते निघाले आहे का. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून आलेला १५ अंकी आयएमईआय नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर घालून तो चोरीचा म्हणून बंद केलेला नाही ना. बॅटरी किती उरली आहे. आणि सेटिंगमध्ये पडदा किंवा बॅटरीपुढे 'अननोन पार्ट' लिहून येते का, कारण तसे आले तर मूळ भाग बदललेला असू शकतो. बिल नसेल तर किंमत कितीही कमी असो, आम्ही स्वतः तसा फोन घेत नाही. आयफोन ११ च्या आधीचे मॉडेलही घेऊ नका, त्याला नवी आयओएस मिळणे थांबले आहे. तुमच्या मॉडेलच्या दुरुस्तीसाठी कोल्हापूर-पुण्याला जावे लागणार का, तेही आताच विचारून ठेवा.

येताना काय आणाल

दोन्ही फोन, त्यांचे चार्जर, गूगल किंवा अॅपल खात्याचा पासवर्ड (कागदावर लिहून आणलात तरी चालेल, कागद परत घेऊन जा), रिचार्ज असलेले सिम आणि बँकेचे डेबिट कार्ड. कार्डाचे आकडे आणि यूपीआयचा पिन तुम्हीच टाकायचा. आमचा मुलगा तेव्हा पाठ फिरवून उभा राहील. त्याला पिन विचारायची परवानगी नाही, आणि तुम्हीही सांगू नका.