खिशातले हात आणि पडलेलं वाक्य

वक्तृत्वाच्या कुठल्याही शिबिरात जा, एक आकडा हमखास भेटतो: ९३ टक्के. आपण बोलतो त्यातला जेमतेम ७ टक्के अर्थ शब्दांतून पोचतो म्हणे, ३८ टक्के आवाजातून आणि ५५ टक्के देहबोलीतून. हे खरं असतं तर अजिबात न येणाऱ्या भाषेतलं नाटकही आपल्याला ९३ टक्के कळायला हवं होतं!

हा आकडा आला अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांतून. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचे, एका प्रयोगात सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि विचारायचं, बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतोय की नाही? शब्द एक सांगतोय आणि सूर भलतंच, तर ऐकणारा कोणाचं खरं मानतो, एवढाच तो मामला. भावना आणि आवडनिवड सोडून हे समीकरण इतरत्र लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगून ठेवलंय. पण शिबिरवाल्यांना ते कोण सांगणार?

मला या टक्केवारीचा राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. ती आवाज आणि हालचाल यांचे दोन वेगळे कप्पे करते. मुळात ते कप्पे वेगळे नाहीतच.

मध्यंतरी एका एकांकिकेच्या तालमीला बसलो होतो. एका मुलाच्या तोंडी वाक्य होतं, ‘मी तुला सांगितलं होतं.’ जोर ‘मी’वर आला तर बढाई, ‘सांगितलं’वर आला तर तक्रार. दिग्दर्शिकेला तो ‘तुला’वर हवा होता, म्हणजे बाकी कुणाला नाही, फक्त तुला. मुलगा आवाज चढवत होता, पण वाक्य सपाटच पडत होतं. दोन्ही हात पँटच्या खिशात. “हात बाहेर काढ आणि परत घे,” ती म्हणाली. मी मुद्दाम डोळे मिटून घेतले. या खेपेला ‘तुला’ लख्ख उठलं. त्याने हात झटकला होता हे मला न बघताच कळलं.

हे कसं होतं? आवाजाला लागणारी ताकद येते फुप्फुसांतल्या हवेतून. ती बाहेर पडताना स्वरतंतूंना थरथरवते, पुरुषांत सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा, स्त्रियांत २०० च्या आसपास. स्वरतंतूंच्या खाली हवेचा जो दाब लागतो तो साध्या बोलण्यात पाण्याच्या ५ ते १० सेंटिमीटर उंचीइतका असतो. पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ तेवढी खोल बुडवा आणि पहिला बुडबुडा निघेपर्यंत फुंका. तोच तो दाब. फार नाही. म्हणूनच तो सहज हलतो.

आता हाताकडे या. अख्ख्या हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के. साठ किलोच्या माणसाच्या खांद्याला तीन किलोंचं लोढणं लटकलेलं असतं म्हणा ना! ते वेगाने फिरवून मध्येच थांबवलं की धडाचा तोल जायला हवा. जात नाही, कारण पोटाचे, छातीचे आणि पाठीचे स्नायू आवळले जातात. त्यातले काही तर हात हलायच्या क्षणभर आधीच. यातले बरेच स्नायू बरगड्यांना जोडलेले आहेत. तोल सावरता सावरता ते छातीचा पिंजराही दाबतात आणि फुप्फुसांतल्या हवेला धक्का बसतो. दाब दुप्पट झाला तर आवाज ८-९ डेसिबलनी वाढतो, आणि दर सेंटिमीटर दाबामागे स्वरही काही हर्ट्झनी चढतो. हाताच्या झटक्याने दाब दुप्पट वगैरे होत नाही, पण कानाला एवढी मोठी उडी लागतच नाही. नुसतं मनगट हलवलं तर परिणाम कमी, अख्खा हात फिरवला तर जास्त. बसून कमी, उभं राहून जास्त.

विम पाऊ आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याची झकास परीक्षा घेतली. सहा जणांना एकच स्वर लांबवत हात हलवायला लावला, वर आवाज शक्य तितका स्थिर ठेवायला सांगितलं. तीस श्रोत्यांना फक्त ध्वनिमुद्रण ऐकवलं, आणि त्यांनी न दिसणाऱ्या हाताच्या लयीत आपला हात हलवून दाखवला.

ऐकणाऱ्याच्या बाजूनेही गंमत आहे. हान्स रुत्गर बॉस्कर आणि डेव्हिड पीटर्स यांनी २०२१ मध्ये डच शब्दांवर प्रयोग केला. त्या भाषेत आघात कुठल्या अक्षरावर यावर शब्द बदलू शकतो. ध्वनी तोच ठेवून हाताचा ठोका एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकवला, तर लोकांना ऐकू येणारा आघातही त्या दिशेला झुकला.

कंबरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहिलं की रक्तातली संप्रेरकं बदलतात आणि मंचावर सिंहाचं बळ येतं, हे मात्र यात मोजू नका. २०१० च्या त्या गाजलेल्या प्रयोगातला संप्रेरकांचा परिणाम पुढे मोठ्या चाचणीत दिसला नाही, आणि मूळ लेखकांपैकी डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये आपलाही त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं.

त्या मुलाचं पुढे काय झालं? हात बाहेर निघाल्यावर त्याला हात सापडला, मग तो थांबेना. बोलता बोलता हात साधारणपणे शब्दाच्या किंचित आधी निघतो आणि ठोका शब्दावर पडतो. हा मुलगा विचार करून हात टाकायला लागला, तेव्हा ‘तुला’ म्हणून झाल्यावर अर्ध्या क्षणाने हात यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी प्रॉम्प्टिंगला बसलेली मुलगी फिसकन हसली, मग सगळेच. प्रसंग बापाच्या मृत्यूचा होता.