स्पीकर कॅबिनेटमधलं ब्रेसिंग : कडक भिंत की मुकी भिंत?

रेडिओच्या जमान्यातली लाकडी पेटी मागून उघडी असे. आत दाब साठत नसल्यामुळे तिच्या भिंतींची काळजी फारशी कुणी करत नसे. १९५४ मध्ये अकूस्टिक सस्पेन्शनची छोटी बंद पेटी बाजारात आली आणि चित्र बदललं. वूफरच्या (मंद्र सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या) कोनला, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला, मागून आधार कोंडलेल्या हवेचा, आणि तोच दाब आतून सहाही भिंतींवर. भिंत हलली की तीही वाजते, शिवाय कोनपेक्षा तिचं क्षेत्रफळ कितीतरी मोठं.

उपाय सरळ वाटतो : आत आधाराच्या पट्ट्या (ब्रेस) मारा, भिंत कडक करा. पण १९६०-७० च्या दशकांत ब्रिटनमधल्या एका प्रसारण संस्थेच्या अभियंत्यांनी नेमकं उलटं केलं. ९ ते १२ मिमी बर्च प्लाय, त्याला आतून डांबरी शीट, ब्रेस जवळपास नाहीच. युक्तिवाद असा : कडक केल्याने अनुनाद (ज्या सुरावर भिंत आपोआप जोरात थरथरते तो) मरत नाही, फक्त वर सरकतो, आणि वर म्हणजे माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात, जिथे कान सर्वांत तिखट. त्यापेक्षा तो खाली ठेवा आणि डांबरात जिरवा. बोलण्याचा आवाज तपासायच्या मॉनिटरसाठी हे अगदी चोख होतं. पुढे मात्र त्याचा सरसकट नियम झाला, आणि सबवूफरच्या (फक्त सर्वांत खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या) पेट्यांनाही लोक तोच लावू लागले. तिथे तो लागूच पडत नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या वरचे सूर सबवूफरकडे जातच नाहीत ती सीमा, ८०-१०० हर्ट्झला असेल तर ५०० हर्ट्झच्या अनुनादाला चेतवायला फारसं काही उरत नाही. तिथे कडकपणाच हवा.

या वादाला शब्दांचा घोळ आणखी बिघडवतो. ‘कॅबिनेट डॅम्प केलं’ म्हणजे नक्की काय केलं? ब्रेस भिंतीचा कडकपणा वाढवतो. डांबरी शीट भिंतीची कंपनं उष्णतेत जिरवते. लोकर किंवा फोम आतल्या हवेतल्या लहरी शोषतो, भिंतीचं जवळजवळ काहीच करत नाही. पोकळ ठणठणणाऱ्या पेटीत आणखी दोन मुठी लोकर कोंबणं हा या घोळाचाच परिणाम.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात खोबणीत एकमेकांत अडकवलेल्या पातळ पट्ट्यांची जाळी आली आणि पारडं कडकपणाकडे झुकलं. एव्हाना एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) रुळत होतं. पुढे सीएनसीमुळे (संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रामुळे) खिडक्या कापलेला आडवा ब्रेस घरी बनवणाऱ्यांच्याही आवाक्यात आला.

तरी पट्टी कुठे मारायची यात अजून चूक होते. ६०० × ३०० मिमीची, १८ मिमी एमडीएफची बाजू घ्या. कडा नुसत्या टेकलेल्या धरल्या तर पहिला अनुनाद सुमारे २४० हर्ट्झवर येतो (प्रत्यक्षात चिकटवलेल्या कडांमुळे थोडा वर). मधोमध आडवी पट्टी मारून ३०० × ३०० चे दोन तुकडे केले तर सुमारे ३८०. तीच पट्टी उभी, लांबीच्या दिशेने मारली तर ८०० च्या आसपास. जाडी दुप्पट करून फक्त ४८० मिळतात, वजन मात्र दुप्पट. म्हणून पट्टी लांबीने, आणि मध्यापासून थोडी सरकवून, म्हणजे दोन्ही भाग एकाच सुरात वाजत नाहीत. ती रुंद बाजूवर आडवी नव्हे, धारेवर उभी चिकटवायची. भिंतीपासूनची उंची दुप्पट झाली की पट्टीचा ताठपणा आठपट होतो.

अलीकडे दोन्ही मतांना जोडणारा प्रकारही दिसतो : ब्रेस आणि भिंत यांच्यात कडक गोंदाऐवजी लवचिक चिकट थर. कडकपणा थोडा जातो, ऊर्जा मात्र जिरते.

आकारमानाचा हिशोब आधी करावा. ३०० × २५० × १८ मिमीचा ब्रेस १.३५ लिटर जागा खातो. ६० टक्के खिडक्या कापल्या तर ०.५४. वूफरच्या थेट मागे भरीव फळी नको, आणि पोर्टच्या (पेटीतली हवा आतबाहेर करणाऱ्या नळीच्या) आतल्या तोंडापुढे निदान पोर्टच्या व्यासाइतकी जागा मोकळी हवी. गोंदाआधी सगळं कोरडं बसवून पाहावं. ब्रेस मिलिमीटरभर आखूड असेल तर साधा फेव्हिकॉल ती फट धरत नाही. सांधा सुटतो आणि एखाद्याच मंद्र सुरावर पेटी झिणझिणते. ब्रेस लांब असेल तर क्लॅम्प आवळताना बाजू फुगते, आणि मागची फळी कोपऱ्यात बसत नाही.