काउबॉयजची भिंत : बिनमोलाने उभी राहिली, मग पदरमोड करून बांधावी लागली

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमक फळीतले पाच धिप्पाड गडी सहसा चेंडू हातात घेऊन धावत नाहीत. मधला गडी, म्हणजे सेंटर, चेंडू मागे डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅककडे देतो आणि पाचही जण समोरच्यांना अडवायला लागतात. कौतुक धावणाऱ्याचं होतं. त्यामुळे ड्राफ्टच्या, म्हणजे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या, पहिल्या फेरीत अशा गड्यावर पाळी खर्च करायची का, हा वाद जुनाच. डॅलस काउबॉयज या संघाने त्याचं उत्तर तीस वर्षं ‘नाही’ असंच दिलं. 1981 मध्ये हॉवर्ड रिचर्ड्स घेतला, त्यानंतर थेट 2011.

यामागे हट्टापेक्षा नशीब जास्त होतं, असं मला वाटतं. जेरी जोन्स यांनी 1989 मध्ये संघ विकत घेतला आणि नव्वदच्या दशकात त्यांना जी फळी मिळाली ती जवळपास फुकटात. नेट न्यूटन आणि मार्क टुनेई यांना ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंही नव्हतं. एरिक विल्यम्स तिसऱ्या फेरीतला. लॅरी ॲलन 1994 मध्ये सोनोमा स्टेट या छोट्या कॉलेजातून दुसऱ्या फेरीत, 46व्या क्रमांकावर आला. त्याच डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सविरुद्ध प्रतिस्पर्धी लाइनबॅकरने (बचाव फळीतल्या खेळाडूने) पास अडवून चेंडू पळवला, तेव्हा दीडशे किलोंच्या आसपासचा हा ॲलन मैदानभर मागे धावला आणि त्याला गोलरेषेआधी पाडलं. अशी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मिळत असतील, तर पहिली पाळी कोण घालवेल? या फळीमागून चेंडू घेऊन एमिट स्मिथ धावला, चार हंगामांत तीन सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदं, आली.

ही लॉटरी पुन्हा लागली नाही. 2012 मध्ये चेंडू घेऊन धावून संघ सामन्यामागे जेमतेम 79 यार्ड पुढे सरकत होता.

तोवर दिशा मात्र बदलली होती. 2011 मध्ये नवव्या क्रमांकावर वीस वर्षांचा टॅकल (फळीच्या टोकाचा गडी) टायरन स्मिथ आला. 2013 मध्ये 18वा क्रमांक सॅन फ्रान्सिस्कोला देऊन बदल्यात 31वा आणि 74वा घेतला, आणि 31व्यावर सेंटर ट्रॅव्हिस फ्रेडरिक. हा इतक्या वरचा खेळाडू नाही, असं म्हणत जाणकारांनी नाकं मुरडली होती. 2014 मध्ये तर खरी कसोटी लागली. 16वा क्रमांक आला तेव्हा जॉनी मॅन्झिएल शिल्लक होता : क्वार्टरबॅक, टेक्ससचाच पोरगा, तिकिटं खपवणारा. जोन्स यांना तो हवाच होता. मुलगा स्टीफन आणि बाकीच्यांनी त्यांना आवरलं आणि नाव पुकारलं गेलं फळीतल्या झॅक मार्टिनचं. मॅन्झिएल क्लीव्हलँडला गेला आणि दोन हंगामांत संपला. मार्टिन नऊ वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये, निवडला गेला.

त्याच 2014 मध्ये डीमार्को मरेने पहिल्या आठही सामन्यांत धावून शंभराहून अधिक यार्ड काढले, हंगामात 1,845. संघाने 12 सामने जिंकले, 4 हरले. 2016 मध्ये याच फळीमागे चौथ्या फेरीतला नवखा डॅक प्रेस्कॉट उभा राहिला आणि 13 सामने जिंकले. सुपर बोल मात्र आला नाही, हे चाहते आजही बोलून दाखवतात.

फ्रेडरिकला 2018 मध्ये गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराने गाठलं. तो एक हंगाम खेळून 2020 मध्ये निवृत्त झाला. टायरन 2024 मध्ये न्यूयॉर्क जेट्स संघाकडे गेला. 2025 च्या मार्चमध्ये मार्टिननेही बूट काढून ठेवले आणि एप्रिलमध्ये काउबॉयजनी 12व्या क्रमांकावर पुन्हा गार्डच (सेंटरच्या शेजारचा गडी) उचलला : अलाबामाचा टायलर बुकर.