लांब शृंगिकांचे नाकतोडे

टोळ-रातकिड्यांच्या ऋजुपंखी गणाच्या टेटिगोनिइडी कुलातील कीटक. इंग्रजीतील कॅटिडिड व बुश क्रिकेट ही नावे यांचीच. बोलीत हेही नाकतोडेच. पण त्यांचे जवळचे नाते रातकिड्यांशी आहे. सुमारे ८,००० जाती ज्ञात असून बहुतेक निशाचर आहेत. शरीराहून लांब, केसासारख्या शृंगिका (डोक्यावरील मिशा) आणि मादीचे तलवारीच्या पात्यासारखे अंडनिक्षेपक (अंडी घालण्याचे अंग) यांवरून ते ओळखू येतात. अनेकांचे पंख शिरांसकट हुबेहूब पानासारखे असतात.

नर पुढचे पंख एकमेकांवर घासून गातो. डावा पंख वर असतो. त्याच्या खालच्या अंगाला एका शिरेवर कानशीसारखी दातांची ओळ असते व ती उजव्या पंखाच्या कडेवर घासली जाते. रातकिड्यांत बहुधा उजवा पंख वर असतो. या उलट ठेवणीमुळे दोन्ही गटांत गाण्याचा उगम स्वतंत्रपणे झाला, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते तो समान पूर्वजातच झाला. उत्तर अमेरिकेतील सिफोडेरिस या दूरच्या नातलगाच्या दोन्ही पंखांवर कानस असते आणि कोणताही पंख वर येऊ शकतो. आतील मंगोलियात सापडलेल्या, सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या आर्काबॉयलस म्युझिकस या जीवाश्मातही दोन्ही पंखांवर कानस आहे. तिच्या मापांवरून २०१२ मध्ये त्याचा सूर सुमारे ६.४ किलोहर्ट्झचा असावा असे काढण्यात आले. इतक्या जुन्या रात्रीचा आवाज असा हाती लागणे विलक्षणच. डावे-उजवेपण नंतर ठरले असण्याचा संभव यामुळे वाढतो, व केवळ त्यावर स्वतंत्र उगम मानणे अपुरे वाटते. याच जुन्या शाखेतील प्रोफॅलँगॉप्सिस ऑब्स्क्युरा ही जाती १८६९ मध्ये भारतातून आलेल्या एकाच नरावरून वर्णिली गेली.

कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या किंचित खाली असतात. छातीवरील श्वासरंध्रातून निघालेली नळीही आवाज तिथवर पोहोचवते.

बहुतेक जातींत मादी आवाजाच्या रोखाने नराकडे जाते. सह्याद्रीत त्यांना खाणाऱ्या मेगाडर्मा स्पॅझ्मा या वटवाघळांच्या बसण्याच्या जागांखाली या कीटकांचे पंख पडलेले आढळतात. त्यांत गाणाऱ्या नरांपेक्षा माद्यांचे अधिक असतात. ऑनोमार्कस युनिनोटेटस या तेथीलच जातीत मादी फांदीवर अंग थरथरवून उत्तर देते आणि त्या कंपनांच्या मागाने नर तिच्यापर्यंत चालत येतो.